पाटातला गाळ कोण काढणार? ओपन सोर्समध्ये उतरण्याआधीचा हिशेब

माझा भाचा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परवाच्या रविवारी लॅपटॉप काखेत मारून आमच्या नाशिकमधल्या गंगापूर रोडच्या घरी आला आणि चप्पल काढता काढताच म्हणाला, "मावशी, मला ओपन सोर्समध्ये काम करायचंय. कुठला प्रोजेक्ट धरू सांग." त्याच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी सुरुवात केली आहे. कॅम्पस इंटरव्ह्यूला उपयोग होतो असं कुणीतरी सांगितलं, बाकीच्यांनी व्हिडिओ पाहिले. त्याने तर पाच प्रोजेक्टांना पाठवायचे बदल तयारही करून आणले होते. पाचही एकाच वळणाचे होते. माहितीच्या पानावरच्या एखाद्या वाक्यातला शब्द इकडचा तिकडे, बस.

मी चौदा वर्षं प्रोग्रॅमिंगवर पोट भरते आहे आणि त्यातली नऊ वर्षं नोकरी सांभाळून असं बिनपगारी कामही करते आहे. एखादं नाव सांगून त्याला वाटेला लावणं सोपं होतं. पण "कुठला प्रोजेक्ट" हा नंतरचा प्रश्न. "उतरायचं का" हा त्याच्या आधीचा, आणि तो हल्ली कुणी स्वतःला विचारताना दिसत नाही. त्या दुपारी आमचं जे बोलणं झालं, ते इथे जरा सावकाश मांडते.

आधी, ओपन सोर्स म्हणजे काय

दुकानातून काळ्या मसाल्याचं पाकीट आणलं की त्यात काय काय आहे ते मागे छापलेलं असतं, पण दगडफूल किती, खोबरं किती भाजलं, हे कळत नाही. विकत घ्यायचं आणि वापरायचं. बरंचसं सॉफ्टवेअर असं पाकिटातलं असतं. ओपन सोर्स सॉफ्टवेअर पूर्ण कृतीसकट मिळतं. कृती वाचा, आपल्या चवीप्रमाणे बदला, शेजारणीला द्या, हवं तर त्यावर धंदा करा. यातली कृती म्हणजे सोर्स कोड. कशाची मुभा आहे आणि कशाची नाही हे ज्या कागदावर लिहिलेलं असतं तो परवाना, म्हणजे लायसन्स.

या विचाराला चाळीस वर्षं उलटून गेली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली, लोकांपुढे ठेवलं. "ओपन सोर्स" हे नाव १९९८ चं. आज तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्स आहे, आणि बहुतेक वेबसाइट ज्या यंत्रांवरून चालतात त्यांच्याही.

एक गैरसमज इथेच दूर करते. लिनक्सच्या गाभ्यातलं बहुतेक काम आता कंपन्यांचे पगारदार इंजिनीअर करतात. स्वयंसेवकांवर चालतं ते त्याच्या आजूबाजूचं आणि खालचं, म्हणजे हजारो छोटे छोटे तुकडे. त्यांची नावंही आपण ऐकलेली नसतात, पण मोठ्या सॉफ्टवेअरच्या पोटात ते असतातच.

मोसमच्या पाटावरची गोष्ट

माझं आजोळ सटाण्याच्या बाजूला. बागलाणात मोसम आणि आरम या नद्यांवर काही शतकं जुनी फड पद्धत होती. काही गावांत तिचे अवशेष अजून आहेत. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे भाग म्हणजे फड, आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी कुणी आपल्या मनाने फोडायचं नाही. ते पाटकरी देणार, ठरलेल्या क्रमाने. दरवर्षी पाटातला गाळ काढायचा, फुटलेला काठ बांधायचा, आणि त्यासाठी पाणी घेणाऱ्या प्रत्येक घराने माणूस पाठवायचा किंवा त्याचा मोबदला भरायचा. आजोबा सांगायचे, ज्याच्या घरचा माणूस गाळ काढायला आला नाही, त्याला गावासमोर उत्तर द्यावं लागे.

ओपन सोर्स हा असाच पाट आहे. पाणी सर्वांना, बंधारा सामाईक. पाटकऱ्याच्या जागी असतो मेंटेनर, म्हणजे कुठला बदल आत घ्यायचा आणि कुठला नाही हे ठरवणारा माणूस. आपण एखादा बदल तयार करून "हा तुमच्यात घ्या" अशी विनंती पाठवतो, तिला पुल रिक्वेस्ट म्हणतात. पाटाचं दार आपण स्वतः उघडत नाही, ते तोच उघडतो.

फरक आहे तो गाळ काढण्यात. इथे पाणी घेणाऱ्याने माणूस पाठवलाच पाहिजे असा नियम नाही. लाखो शेतं भिजतात आणि फावडं घेऊन येतात चार जण, कधी कधी एकच. ओपन सोर्समधल्या जवळजवळ सगळ्या अडचणी या एका फरकातून आल्या आहेत असं माझं मत आहे.

अर्ध्या सेकंदाने उघडं पडलेलं कारस्थान

एकट्या पाटकऱ्याचं काय होतं, हे जगाने २०२४ मध्ये पाहिलं.

एक्सझेड नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर आहे. मोठी फाइल दाबून लहान करणं, एवढंच त्याचं काम. पण असंख्य लिनक्स यंत्रांवर ते असतंच असतं. फिनलंडमधला एक प्रोग्रॅमर वर्षानुवर्षं जवळपास एकट्याने आणि विनामोबदला ते सांभाळत होता. २०२१ मध्ये "जिआ तान" या नावाने कुणीतरी मदतीला आलं. छोटे, नीटस, उपयोगी बदल पाठवू लागलं. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्या मेंटेनरमागे तगादा लावला. बदल का रखडलेत, जमत नसेल तर दुसऱ्या कुणाच्या हाती द्या. त्याने उत्तर दिलं की तब्येतीच्या अडचणी आहेत, आणि हे बिनपगारी छंदाचं काम आहे हेही लक्षात घ्या. हळूहळू त्या मदतनीसाच्या हाती किल्ल्या गेल्या. पुढे ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये त्याने एक चोरदरवाजा बसवला. तो जगभर पसरला असता तर अगणित सर्व्हरमध्ये बाहेरच्या माणसाला सहज शिरता आलं असतं.

हे उघडकीला आलं २९ मार्च २०२४ ला. आंद्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधल्या इंजिनीअरला आपलं वेगळंच काम करताना जाणवलं, की यंत्रात लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. दुसरा कुणी असता तर मशीन जुनं झालंय म्हणून सोडून दिलं असतं. त्याने मूळ शोधलं. तोवर त्या आवृत्त्या लिनक्सच्या बहुतेक स्थिर वितरणांपर्यंत, म्हणजे लोक रोज वापरतात त्या तयार संचांपर्यंत, पोहोचल्या नव्हत्या, म्हणून निभावलं.

स्वयंसेवक व्हायचं का, या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. त्या माणसाला मदतीची खरोखर गरज होती, म्हणजे तुमची गरज खरी आहे. आणि मदतीच्या रूपानेच घात झाला, म्हणजे अनोळखी मदतनीसावर चटकन विश्वास ठेवणं आता कुणालाच परवडत नाही. जो नवखा उतरतो त्याने हे गृहीत धरूनच उतरावं. पहिले काही महिने तुमच्याकडे तपासणीच्या नजरेने पाहिलं जाईल. तो अपमान नाही. नवा माणूस आला की आजोळचा पाटकरीही पहिलं वर्ष त्याच्या हाती दार देत नसे.

पहिला बदल उधारीचा असतो

आता माझं मुख्य म्हणणं, जे भाच्याला पटायला बराच वेळ लागला. पहिला बदल पाठवताना आपल्याला वाटतं की आपण काहीतरी देतोय. खरं तर त्या दिवशी आपण घेत असतो, आणि घेत असतो मेंटेनरचा वेळ.

मी दोन छोट्या प्रकल्पांत इतरांनी पाठवलेले बदल तपासते. नवख्याने पाठवलेल्या वीस ओळी मला साधारण दीड-दोन तास खातात. आधी त्याला काय म्हणायचंय ते समजून घ्यायचं. मग तो बदल माझ्या यंत्रावर चालवून पाहायचा. जुनं काही मोडत नाही ना, ते बघायचं. काही चुकलं असेल तर दुखावणार नाही अशा शब्दांत लिहायचं, मग तो सुधारून पाठवतो, मी पुन्हा बघते. त्या वीस ओळी मी स्वतः वीस मिनिटांत लिहिल्या असत्या. तरीही मी वेळ देते, कारण हा माणूस टिकला तर सहाव्या-सातव्या बदलापासून तो मला वेळ परत देऊ लागेल. आणि वर्षभराने कदाचित इतरांचे बदल तोच तपासेल. पहिल्या बदलानंतर तो दिसलाच नाही, तर माझे दोन तास बुडीत खाती.

म्हणून उतरायचं का हे ठरवताना "मला येतं का" यापेक्षा "मी ही उधारी फेडेपर्यंत थांबणार आहे का" हा प्रश्न स्वतःला विचारावा.

हा प्रश्न न विचारता शेकडो जण एकदम उतरले की काय होतं, याचीही उदाहरणं आहेत. हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम दर ऑक्टोबरमध्ये असतो. काही पुल रिक्वेस्ट केल्या की टी-शर्ट मिळायचा. २०२० मध्ये माहितीच्या पानावर एखादा कौतुकाचा शब्द घुसडणाऱ्या विनंत्यांचा इतका लोंढा आला, की आयोजकांना भर महिन्यातच नियम बदलावे लागले आणि स्वतःहून होकार देतील तेवढेच प्रकल्प त्यात ठेवावे लागले. एक्सप्रेस या खूप वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पाच्या वाट्याला २०२४ मध्ये असंच आलं. भारतातल्या एका शिकवणीच्या व्हिडिओत पुल रिक्वेस्ट कशी करायची हे दाखवायला त्याचं पान वापरलं गेलं, आणि सराव म्हणून मुलांनी तिथे आपापली नावं टाकायचे बदल पाठवायला सुरुवात केली. त्या मुलांचा हेतू वाईट नव्हता. पलीकडे एक माणूस बसलाय, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. भाच्याने आणलेल्या पाच बदलांची जात तीच होती. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला.

मग उतरावं कुणी?

ज्याला एखादं सॉफ्टवेअर रोज लागतं आणि त्यातली एखादी गोष्ट रोज खुपते, त्याने.

माझी सुरुवात "दऱ्या" या शब्दाने झाली. मजकूर साफसूफ करणारं एक सॉफ्टवेअर मी कामात वापरत होते. त्यातून मराठी मजकूर गेला की "दऱ्या" चं "दर्या" व्हायचं, "आचाऱ्याला" चं "आचार्याला". डोंगराच्या दऱ्यांचा समुद्र झाला आणि स्वयंपाक्याचा गुरू. शोधल्यावर कारण सापडलं. मराठीतला हा अर्धा र, ज्याला आपण चंद्रकोरीसारखा काढतो, काही जण टाइप करताना एका न दिसणाऱ्या जोडचिन्हाच्या मदतीने आणतात. ते सॉफ्टवेअर न दिसणारी सगळी चिन्हं कचरा समजून काढून टाकत होतं. इंग्रजीसाठी ते ठीकच होतं. हिंदीत हा र नाहीच, त्यामुळे हिंदी वापरणाऱ्यांनाही काही जाणवलं नव्हतं. ही चूक दिसायला मराठीसारखी, हा र वापरणारी भाषा वाचणारा माणूसच हवा होता.

दुरुस्ती होती तीन ओळींची. ती आत जायला पाच आठवडे लागले. मेंटेनरला मराठी येत नव्हती. दोन र वेगळे का, हे मला उदाहरणं देऊन समजवावं लागलं, आणि पुन्हा कुणी तेच मोडू नये म्हणून तपासणीचा वेगळा कोडही लिहावा लागला. पण त्या पाच आठवड्यांत कंटाळा आला नाही, कारण रोजच्या कामात मला ते हवंच होतं. खुपणारं काही नसताना नुसतं "योगदान" शोधत निघालेली माणसं तिसऱ्या आठवड्यात दमतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

वेळेचं म्हणाल, तर आठवड्याला दोन तास, सहा महिने, एवढं देता येत असेल तर उतरा. सगळे मिळून पन्नासेक तास होतात. त्यातले पहिले दहा-बारा नुसतं सॉफ्टवेअर आपल्या यंत्रावर उभं करण्यात जातील. ज्यांना अंबड-सातपूरच्या कारखान्यांतल्या शिफ्ट आहेत, घरी लहान मूल किंवा आजारी माणूस आहे, शिकता शिकता कमवायचंही आहे, त्यांनी हे दोन तास झोपेतून काढू नयेत. मुलगी लहान असताना मी तीन वर्षं काहीच केलं नाही. त्याची मला खंत नाही.

प्रकल्प जागा आहे का, ते बघा

सोयरीक जुळवण्याआधी आपण चार ठिकाणी चौकशी करतो, तशी इथेही करावी. सगळं उघड्यावर असतं, त्यामुळे फार कष्ट नाहीत.

शेवटचा बदल कधी आत गेला ते पाहा, पण तेवढ्यावर थांबू नका. मेंटेनर स्वतःचे बदल घालत असतो आणि बाहेरच्यांच्या विनंत्या तशाच पडून असतात, असंही असतं. म्हणून अनोळखी लोकांनी पाठवलेल्या शेवटच्या दहा विनंत्या उघडा आणि उत्तर किती दिवसांत आलं, कोणत्या भाषेत आलं, ते वाचा. नकार असू द्या, नकार देणारा प्रकल्पही जागाच असतो. पण नकाराचं कारण दिलंय का? नवख्याला झापलंय का? मदत कशी करावी याचं पान आहे का, आणि परवाना आहे का? परवाना नसेल तर कोड डोळ्यांना दिसतो, पण कायद्याने तो ओपन सोर्स नसतो.

मी एकदा ही चौकशी केली नाही. एका प्रकल्पासाठी अठरा-वीस रात्री बसून मोठा बदल लिहिला आणि पाठवला. चौदा महिने उत्तर नाही. मग तो प्रकल्पच बंद झाल्याची सूचना आली. आधी शेवटच्या दहा विनंत्या वाचल्या असत्या तर दहा मिनिटांत कळलं असतं.

आणि आधी छोटं काहीतरी करून बघा. सर्वांत चांगली सुरुवात कोड लिहिण्याची नसते. कुणीतरी कळवलेली एखादी चूक घ्या आणि ती आपल्या यंत्रावर तशीच घडते का ते पाहा. घडली तर कुठल्या आवृत्तीत, कुठल्या पायऱ्यांनी, ते व्यवस्थित लिहा. नाही घडली तर तेही लिहा. याने मेंटेनरचा वेळ खर्च होत नाही, उलट वाचतो.

"पण कंपन्या कोट्यवधी कमावणार आणि आम्ही फुकट राबायचं?"

हा आक्षेप खरा आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी २०२४ मध्ये एक अंदाज मांडला. जगात मोठ्या प्रमाणावर वापरलं जाणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर एकदाच नव्याने लिहायचं झालं तर खर्च साधारण ४१५ कोटी डॉलर. पण ते नसतं आणि प्रत्येक कंपनीला आपापलं लिहून घ्यावं लागलं असतं, तर खर्च ८.८ लाख कोटी डॉलर. या दोन आकड्यांमधली दरी म्हणजे गाळ न काढता घेतलेलं पाणी.

याला उत्तर काही प्रमाणात परवान्यात आहे. एमआयटीसारखा परवाना म्हणतो, मूळ लेखकाचं नाव राखा आणि काहीही करा. जीपीएल म्हणतो, बदल करून दुसऱ्याला दिलंत तर बदललेली कृतीही खुली ठेवा. तुम्हाला कुठलं पटतं, त्याप्रमाणे प्रकल्प निवडता येतो. आणखी एक गोष्ट बघा. काही प्रकल्प एकाच कंपनीच्या मालकीचे असतात आणि काम घेण्याआधी तुमच्याकडून एका करारावर सही घेतात. पुढे कंपनीला परवाना बदलायची मोकळीक त्यातून मिळते. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्प या कंपनीने टेराफॉर्म या आपल्या सॉफ्टवेअरचा परवाना असाच आवळला. त्यावर नाराज झालेल्यांनी आधीच्या खुल्या कोडवरून ओपनटोफू हा वेगळा प्रकल्प सुरू केला. सही करू नका असं मी म्हणत नाही, वाचून करा म्हणते.

आणि पैसे हवेत असं वाटण्यात कमीपणा नाही. गुगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे. त्यात ठरलेलं काम पूर्ण केलं की मानधन मिळतं, आणि २०२२ पासून विद्यार्थी नसलेल्या नवख्यांनाही त्यात भाग घेता येतो. आउटरीची या उपक्रमात, ज्यांना या क्षेत्रात डावललं जातं त्यांना पगारी इंटर्नशिप मिळते. शेअर दलाली करणाऱ्या झिरोधा कंपनीने २०२४ मध्ये दरवर्षी दहा लाख डॉलरचा निधी ओपन सोर्स प्रकल्पांसाठी जाहीर केला. गरज असेल तर या वाटांनीच यावं.

"नोकरीत अडचण येईल का? आणि नोकरी लागेल का?"

जे नोकरीत आहेत त्यांनी आधी आपलं नियुक्तिपत्र काढून वाचावं. भारतीय स्वामित्व हक्क कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालक कंपनी असते. प्रोग्रॅमही या कायद्यात साहित्यकृतीत मोडतो. शिवाय काही करारांमध्ये नोकरीच्या काळात लिहिलेलं सगळंच कंपनीचं, असं वाक्य असतं. माझ्या पहिल्या नोकरीत होतं. मी लेखी परवानगी मागितली. ती यायला तीन महिने लागले, आली तेव्हा दोन ओळींचा मेल होता, आणि तो मी आजही जपून ठेवला आहे. ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसची वेळ आणि ऑफिसचा कोड यांपासून हे काम वेगळं ठेवा.

नोकरी लागेल का? बहुतेक ठिकाणी पहिली चाळणी लावणारा माणूस तुमचं काम उघडूनही पाहत नाही. पुढच्या फेरीत समोर जाणता इंजिनीअर असेल तर मात्र फरक पडतो, कारण एका बदलावर तुम्ही अर्धा तास बोलू शकता. शब्द इकडचे तिकडे केलेल्या पन्नास विनंत्यांवर दोन मिनिटंही बोलता येत नाही.

"आता एआय लिहून देतंय की"

देतंय, आणि तिथेच पंचाईत झाली आहे. इंटरनेटवरून माहिती आणण्या-पाठवण्यासाठी कर्ल नावाचं सॉफ्टवेअर आहे, फोनपासून मोटारींपर्यंत सगळीकडे असतं. सुरक्षेतली चूक शोधून देणाऱ्याला ते सांभाळणारे लोक बक्षीस द्यायचे. एआयकडून लिहवून घेतलेल्या, वाचायला भारदस्त आणि आतून पोकळ अशा तक्रारींचा इतका मारा झाला, की जानेवारी २०२६ अखेर त्यांनी बक्षिसाची योजनाच बंद केली. तक्रार तयार करायला एक मिनिट लागतं, ती खोटी आहे हे सिद्ध करायला मेंटेनरचे तास. उधारीचा जो हिशेब वर मांडला, तो एआयने आणखी बिघडवला आहे.

मी स्वतः एआय वापरते, मुख्यतः अनोळखी कोड समजून घ्यायला. पण पाठवलेल्या प्रत्येक ओळीबद्दल "हे असं का" विचारलं तर स्वतःच्या तोंडून सांगता आलं पाहिजे. लिनक्समध्ये २००४ पासून प्रत्येक बदलाखाली पाठवणाऱ्याने आपल्या नावाने सही करायची पद्धत आहे. हे पाठवायचा मला हक्क आहे, असं ती सही सांगते. एआयने लिहिलं म्हणून त्या सहीची जबाबदारी दुसऱ्या कुणावर जात नाही.

कोड येत नसेल तर

मराठीच्या बाबतीत तर कोडपेक्षा भाषाच जास्त कमी पडते. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस यांचं मराठीकरण स्वयंसेवकांच्या हातचं आहे आणि तिथे शब्द तपासणारे डोळे थोडे आहेत. मोझिलाच्या कॉमन व्हॉइसमध्ये वाक्यं वाचून मराठी आवाज देता येतो. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशात जुन्या नाशिकमधल्या गल्ल्या, पंचवटीतले घाट, पाण्याच्या सोयी नीट भरता येतात. सिंहस्थात बाहेरून येणाऱ्या माणसाला तो नकाशा उपयोगी पडेल, आणि हे काम घाटावर पायी फिरलेल्या माणसाइतकं चांगलं दुसऱ्याला जमणार नाही.

थांबायचं कसं

सुरुवात करणाऱ्याने थांबण्याचाही विचार करून ठेवावा. लग्न होतं, नोकरी बदलते, मन उडतं. थांबायला हरकत नाही, पण न सांगता नाहीसं होऊ नये. "माझ्याकडून हे काम आता होणार नाही, दुसऱ्या कुणी घ्यावं" एवढी एक ओळ लिहावी, म्हणजे तुमच्या नावावर अडकलेलं काम मोकळं होतं. एखादा प्रकल्प तुम्हीच सांभाळत असाल तर ही ओळ लिहिण्याआधी किल्ल्या कुणाच्या हाती देताय, ते दहादा पाहा.

भाच्याने ते पाच बदल पाठवले नाहीत. तो रोज वापरतो त्या एका नोंदवहीच्या ॲपमध्ये मराठी शोध नीट लागत नाही, अशी कुणाचीतरी तक्रार वर्षभर अनुत्तरित पडली होती, ती त्याने निवडली. काल रात्री साडेदहाला फोन आला. "मावशी, माझ्याकडेही अगदी तसंच होतंय." मी विचारलं, "मग कळवलंस का त्यांना?"

"नाही अजून," म्हणाला, "आधी जुन्या व्हर्जनवर होतं का ते बघतो."